कलम १९८३ : कैद्याच्या दाव्याची कुळकथा

अमेरिकेत तुरुंगरक्षकाने बेदम मारले, तर कैदी ‘कलम १९८३’खाली फेडरल न्यायालयात भरपाईचा दावा लावतो. हा आकडा सालाचा नाही. कायदा १८७१चा आहे आणि तो कैद्यांसाठी केलेलाही नव्हता. यादवी युद्धानंतर दक्षिणेत कू क्लक्स क्लॅन नुकत्याच मुक्त झालेल्या कृष्णवर्णीयांवर अत्याचार करत होती आणि राज्य सरकारे त्याकडे काणाडोळा करत होती. सरकारी अधिकाराच्या आडून कोणी घटनादत्त हक्क हिरावला, तर त्याला व्यक्तिशः कोर्टात खेचण्याची सोय या कायद्याने केली. त्याच वर्षी व्हर्जिनियाच्या सर्वोच्च न्यायालयाने कैद्याला ‘राज्याचा गुलाम’ ठरवले होते. त्यामुळे तुरुंगाच्या भिंतीआड हा कायदा पोचायला बराच काळ गेला.

१९६१मध्ये शिकागो पोलिसांविरुद्धच्या ‘मन्रो’ खटल्याने कलमात जीव आणला. १९६४च्या ‘कूपर’ निकालाने ते कैद्यालाही खुले झाले. १९६८मध्ये न्यायमूर्ती ब्लॅकमन यांनी आर्कान्सामधील चामडी पट्ट्याचे फटके घटनाबाह्य ठरवले.

मग प्रश्न आला : किती मार म्हणजे अन्याय? लुइझियानातील अंगोला तुरुंगात बेड्या घातलेल्या हडसन या कैद्याला रक्षकांनी मारले. तोंड सुजले, दात हलले, कवळीला तडा गेला. मिळालेली ८०० डॉलरची भरपाई अपिलात गेली, कारण जखमा किरकोळ होत्या. १९९२मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ७ विरुद्ध २ मतांनी तो निकाल फिरवला. बळ शिस्त राखण्यासाठी वापरले की इजा करण्याच्या दुष्ट हेतूने, ही खरी कसोटी. जखमेची खोली नव्हे. हे योग्यच झाले, नाहीतर खूण न उठवता मारणारा प्रत्येक रक्षक सुटला असता.

पण १९९६च्या कायद्याने वाट पुन्हा अरुंद केली. आधी तुरुंगातच तक्रारीच्या सर्व पायऱ्या चढायच्या, वकिलाच्या शुल्कावर मर्यादा, आणि शारीरिक इजेशिवाय निव्वळ मानसिक त्रासाची भरपाई नाही. ज्यांच्याविरुद्ध तक्रार, त्यांच्याच ताब्यात राहून ती करायला लावणे हे अन्यायाचेच आहे.

२०१५च्या ‘किंग्जली’ निकालाने कच्च्या कैद्यांना रक्षकाचा हेतू सिद्ध करण्यातून सोडवले. त्यांनी बळाचा वापर अवाजवी होता एवढे दाखवले तरी पुरते. शिक्षा झालेल्या कैद्याला मात्र आजही दुष्ट हेतू सिद्ध करावा लागतो.