गिनीपिगमधील श्वसनसंसर्ग

गिनीपिग या पाळीव कृंतक प्राण्याला होणारा व उपचाराविना न्यूमोनियाकडे जाणारा रोग. बोर्डेटेला ब्राँकिसेप्टिका व स्ट्रेप्टोकॉकस न्यूमोनी हे त्याचे प्रमुख कारक जीवाणू. पहिला सशांत लक्षणांविना वास करू शकतो; म्हणून ससा व गिनीपिग एका पिंजऱ्यात ठेवणे घातकच. शिंका, नाका-डोळ्यांतून स्राव, धाप व खाणे सोडणे ही लक्षणे. त्यांतील शेवटचे हलके समजू नये. उपाशी गिनीपिगचे आतडे लवकर मंदावते आणि संसर्गाइतकीच उपासमारही त्याचा जीव घेते. म्हणून गवताच्या भुकटीचे पातळ खाद्य बिनसुईच्या सिरिंजने गालाच्या बाजूने थोडेथोडे भरवावे लागते. क जीवनसत्त्व हा प्राणी माणसाप्रमाणेच शरीरात तयार करू शकत नाही. निरोगी असताना दर किग्रॅ. वजनामागे रोज १०–३० मिग्रॅ. आणि आजारात त्याहून अधिक लागते. भोपळी मिरची त्यासाठी उत्तम. पिंजरा कोरडा, उबदार, धूळविरहित असावा. प्रतिजैविक पशुवैद्यानेच ठरवावे. अमॉक्सिसिलिनसारखी पेनिसिलिन-वर्गीय औषधे पोटात गेल्यास आतड्यातील उपयुक्त जीवाणू मरून प्राणघातक विषबाधा होऊ शकते. घरात उरलेली माणसांची औषधे त्याला कदापि देऊ नयेत. तोंड उघडून श्वास घेणाऱ्या गिनीपिगला तत्काळ पशुवैद्याकडे न्यावे.