ग्लिसरीनचे दिवस फिरले

परभणीकडे करंजाचं झाड नवं नाही. 2003 च्या सुमारास करंज आणि जट्रोफाच्या बियांपासून बायोडिझेल काढायच्या गप्पा देशभर रंगल्या. त्या गप्पांत एक गोष्ट मागे राहिली. 10 किलो बायोडिझेल तयार झालं की साधारण 1 किलो ग्लिसरीन उरतं. त्यात मेथॅनॉल, क्षार आणि साबण मिसळलेला असतो. ते शुद्ध करायचं तर खर्च परवडत नाही. जगात बायोडिझेल वाढलं, तसे ग्लिसरीनचे भाव कोसळले.

शंभर वर्षांपूर्वी मात्र याच ग्लिसरीनसाठी धडपड चालली होती. पहिल्या महायुद्धात नायट्रोग्लिसरीन त्यापासूनच व्हायचं. नाकेबंदीमुळे जर्मनीला तेल-चरबी मिळेना. तेव्हा तिथल्या रसायनतज्ज्ञांनी साखर आंबवताना सल्फाइट घातलं आणि यीस्टकडून दारूऐवजी ग्लिसरीन काढून घेतलं.

ब्रिटिशांना कॉर्डाइट या स्फोटक दारूसाठी ॲसिटोन हवं होतं. मँचेस्टरचे खाइम वाइझमन मक्यासारख्या धान्यातल्या स्टार्चपासून ते बनवणारा जीवाणू वापरत. हे लोण महाराष्ट्रातही आलं. नाशिकला ॲसिटोनचा कारखाना उभा राहिला. युद्ध संपलं, गरज सरली आणि पुढे त्याची डिस्टिलरी झाली.

गंमत म्हणजे वाइझमन यांच्या जीवाणूकडून ॲसिटोनपेक्षा ब्युटॅनॉलच जास्त निघायचं. युद्धात त्याला कुणी विचारत नव्हतं. नंतर मोटारींच्या झटपट वाळणाऱ्या रंगासाठी त्यालाच मागणी आली.

म्हणजे 'कचरा' हा पदार्थाचा गुण नाही, तो त्या-त्या काळाचा हिशेब आहे.

आता ग्लिसरीन खाणारे जीवाणू शोधले जातात. याची सुरुवातही जुनीच. ग्लिसरीन आंबवलं की 1,3-प्रोपेनडायॉल मिळतं, हे ऑगस्ट फ्रॉइंड यांनी 1881 मध्येच दाखवलं होतं. आज त्यापासून गालिच्यांचे आणि कपड्यांचे धागे बनतात.

शोधायची रीत साधी आहे. चिमूटभर गाळ बाटलीत घ्यायचा, खायला फक्त ग्लिसरीन द्यायचं आणि हवा बंद करायची. जे तगतील ते आपल्या कामाचे. त्यांना पुन्हा नव्या बाटलीत घालायचं. खरी परीक्षा पुढे असते: मेथॅनॉल आणि क्षारांसकट ते कच्चं ग्लिसरीन त्यांना पचतं का?

गाळ कुठलाही चालतो, गंगाखेडला गोदावरीच्या काठचासुद्धा. पण नाशिकचा धडा विसरायला नको. जीवाणू सापडणं ही अर्धीच गोष्ट. त्याने बनवलेलं विकत घेणारं कुणी टिकलं, तरच बियाणं वेचणाऱ्याच्या हातात दोन पैसे पडतात.