आधी साबण-पाणी, मग शस्त्रक्रिया

सातारा जिल्हा हा मराठा पलटणींच्या भरतीचा जुना मुलूख. दुसऱ्या महायुद्धात आठव्या भारतीय डिव्हिजनमधील १/५ मराठा ही पलटण इटलीत लढत होती. त्या आघाडीला रसद पुरवणारे एक मुख्य बंदर म्हणजे बारी. विषारी रसायन अंगावर पडलेल्या जखमींवर उपचार कोणत्या क्रमाने करावेत, याचा कठोर धडा तेथेच मिळाला.

२ डिसेंबर १९४३ च्या संध्याकाळी जर्मन विमानांनी बारीवर बॉम्बफेक केली. बंदरातील ‘जॉन हार्वे’ या अमेरिकन जहाजावर मस्टर्ड वायूचे सुमारे २००० बॉम्ब गुप्तपणे आणलेले होते. मस्टर्ड नावाला वायू, प्रत्यक्षात तेलकट द्रव. तो पाण्यावर सांडलेल्या इंधनतेलात मिसळला आणि पोहणाऱ्या खलाशांच्या अंगाला चिकटला.

रुग्णालयात याची कोणालाच कल्पना नव्हती. डॉक्टर साहजिकच मोठ्या जखमांकडे वळले. बाकीच्यांना आघाताने गारठा भरला आहे असे समजून ओल्या कपड्यांसकट ब्लँकेटांत गुंडाळले. येथेच घात झाला. मस्टर्ड त्वचेला लागताना दुखत नाही. पेशींतील डीएनएवर त्याचा मारा काही मिनिटांत सुरू होतो, फोड मात्र काही तासांनी येतात. सहाशेहून अधिक जणांना बाधा झाली, ८३ दगावले. तपासाला आलेले डॉ. स्टुअर्ट अलेक्झांडर यांनी खरे कारण ओळखले. रुग्णांच्या पांढऱ्या पेशी झपाट्याने घटल्याची त्यांची नोंद पुढे कर्करोगावरील रसायनोपचारांच्या संशोधनाला उपयोगी पडली.

तेव्हा क्रम असा: श्वास मोकळा करणे आणि रक्तस्राव थांबवणे आधी, मग कपडे बाहेरच उतरवून साबण-पाण्याने अंग धुणे, त्यानंतर शस्त्रक्रियागृह. हा द्रव रबरी हातमोज्यांतूनही झिरपतो, म्हणून जखमेतील कापडाचे तुकडे चिमट्यानेच काढायचे.

रहिमतपूरच्या शिवारातही हा क्रम कामाचा आहे. फवारणीचे औषध अंगावर सांडलेला शेतकरी पडून पाय मोडून घेतो, तेव्हा आधी त्याचे कपडे बदलून अंग धुवावे, आणि औषधाची बाटली किंवा तिच्यावरचे नाव डॉक्टरांना दाखवावे. सेंद्रिय फॉस्फरस गटातील कीटकनाशके रक्तातील एक विकर निकामी करतात. भूल देताना स्नायू सैल करण्यासाठी वापरतात त्या सक्सिनिलकोलिनचा असर एरवी काही मिनिटांत हेच विकर संपवते. ते नसले तर असर लांबतो आणि रुग्णाला बराच वेळ कृत्रिम श्वास द्यावा लागतो.

वर्गात तेलात कालवलेली हळद हाताला लावून ती नुसत्या पाण्याने आणि मग साबणाने धुवायला सांगावे. फरक मुलेच सांगतील.