दिनविशेष : ११ जानेवारी – किटलीच्या वाफेने उलगडलेले शुभवर्तमान

हस्तलिखित-संशोधक अ‍ॅग्नेस स्मिथ लुईस यांचा जन्म १८४३ मध्ये आजच्या दिवशी स्कॉटलंडमध्ये झाला. मार्गारेट ही त्यांची जुळी बहीण. आई लहानपणीच गेली. ज्या देशाची भाषा मुली शिकतील त्या देशात त्यांना न्यायचे, असा वडिलांचा शिरस्ता होता. भाषांची गोडी लागली ती अशी.

१८९२ मध्ये दोघी बहिणी उंटांवरून सिनाईच्या वाळवंटातील सेंट कॅथरीन मठात पोहोचल्या. सिरियॅक भाषा अ‍ॅग्नेस निघण्याआधीच शिकल्या होत्या, आणि साधूंशी तर दोघी थेट ग्रीकमध्येच बोलत. तिथे एक मळकट, पाने चिकटलेली पोथी हाती आली. वर संत स्त्रियांची चरित्रे, खाली खरवडून पुसलेला जुना मजकूर. अ‍ॅग्नेस यांनी चहाच्या किटलीची वाफ देऊन पाने हलक्या हाताने सोडवली आणि पोथीची छायाचित्रे घेतली. पुसट अक्षरे होती चार शुभवर्तमानांच्या अतिप्राचीन सिरियॅक अनुवादाची! केंब्रिजच्या विद्वानांनी छायाचित्रांवरून तसा निर्वाळा दिला.

१८९६ मध्ये बहिणींनी प्रवासातून आणलेल्या पानांत केंब्रिजचे विद्वान सॉलोमन शेख्टर यांना बेन सिराच्या प्राचीन ज्यू ग्रंथाचा हिब्रू मजकूर सापडला आणि कैरो गेनिझाच्या (तिथल्या सिनेगॉगमधील जुन्या हस्तलिखितांच्या साठ्याच्या) मोठ्या संशोधनाला चालना मिळाली. इतके करूनही केंब्रिजने त्यांना पदवी दिली नाही. तिथे स्त्रियांना पदव्या मिळू लागल्या १९४८ मध्ये. सन्मान्य डॉक्टरेट दिली ती हायडेलबर्ग, सेंट अँड्र्यूजसारख्या विद्यापीठांनी. अ‍ॅग्नेस यांचे निधन १९२६ मध्ये झाले.