‘क’चा क्रमांक कोणता?

२०११ साली आम्ही एक जुनी फ्लॉपी उघडली. शाळांसाठी सुचवलेल्या प्रयोगांची १९९६ सालची आमची टिपणे तिच्यात होती. फ्लॉपी शाबूत होती, फाइलही उघडली. पण पडद्यावर मराठीचे एकही अक्षर नव्हते. इंग्रजी अक्षरे, कंस, टक्क्याची चिन्हे आणि स्वल्पविराम यांची नुसती भेळ झाली होती. आजोबांच्या वह्या आम्हांला आजही वाचता येतात; आमचे स्वतःचे लेखन मात्र पंधरा वर्षांत परके झाले. असे का व्हावे?

संगणकाला अक्षर कळत नाही, त्याला कळतो फक्त आकडा. कोणत्या अक्षराला कोणता आकडा द्यायचा हे माणसांनी ठरवायचे असते, आणि घोळ होतो तो इथेच. हा प्रश्न संगणकाहून जुना आहे. फ्रान्सच्या एमिल बोदो यांनी १८७४ साली तारायंत्रासाठी ज्या पद्धतीचे पेटंट घेतले, तिच्यात प्रत्येक अक्षराला पाच खुणा होत्या. प्रत्येक खूण ‘आहे’ किंवा ‘नाही’ अशी. म्हणजे दोनाचा पाचवा घात, ३२ जुळण्या. रोमन अक्षरे २६ आणि अंक १०, मिळून झाले ३६! तेव्हा एकच जुळणी कधी अक्षर, तर कधी अंक म्हणून वापरावी लागे.

१९६३ साली अमेरिकेत ‘आस्की’ हा सात खुणांचा तक्ता ठरला. त्यात १२८ जागा होत्या आणि मोठ्या ‘ए’चा क्रमांक होता ६५. लगेच १९६४ साली आयबीएम कंपनीने आपल्या नव्या संगणकमालिकेसाठी ‘एब्सिडिक’ हा वेगळाच तक्ता आणला. तिथे तोच ‘ए’ १९३ क्रमांकावर बसला. साहजिकच, मजकूर एका यंत्रावरून दुसऱ्यावर नेताना ६५ च्या जागी १९३ ठेवणारी रूपांतराची आज्ञावली लागू लागली.

आपल्याकडे काय झाले? आठ खुणांच्या बाइटमध्ये २५६ आकडे मावतात. पहिले १२८ आस्कीसाठी ठेवून उरलेल्या जागांवर भारतीय लिपी बसवणारे ‘इस्की’ हे मानक १९९१ साली भारतीय मानक ब्यूरोने प्रसिद्ध केले. त्यातली कल्पना सुंदर होती. आपल्या बहुतेक लिपींची वर्णमाला एकच असल्याने देवनागरी, बंगाली वा तेलुगू ‘क’ला एकच क्रमांक मिळाला, १७९.

परंतु छपाईच्या टेबलावर वेगळेच चालले होते. फाँट बनवणाऱ्यांनी अक्षरांऐवजी त्यांचे तुकडे, म्हणजे काना, वेलांटी, अर्धा ‘ग’, हे इंग्रजी अक्षरांच्या जागी बसवले. प्रत्येकाची मांडणी निराळी. तो फाँट गेला की मजकूरही गेला! आमच्या टिपणांचे नेमके हेच झाले होते.

अशा मजकुराचे रूपांतर नुसत्या तक्त्याने होत नाही. ‘स्थिती’ हा शब्द पाहा. पहिली वेलांटी दिसते ‘स्थ’च्या डावीकडे, म्हणून फाँटमध्ये ती आधी येते, उच्चारात मात्र ती ‘स्थ’नंतर आहे. रफाराचे उलट. ‘अर्क’मध्ये तो ‘क’च्या डोक्यावर बसतो, पण उच्चार ‘क’च्या आधी. म्हणजे रूपांतर करणाऱ्या आज्ञावलीला जोडाक्षर कुठे सुरू होते आणि कुठे संपते, हे कळावे लागते.

१९९१ सालीच ‘युनिकोड’ची पहिली आवृत्ती निघाली. जगातल्या सर्व लिपींना एकाच तक्त्यात जागा देण्याचा हा प्रयत्न. देवनागरीची मांडणी इस्कीवरून घेतलेली, आणि ‘क’चा क्रमांक २३२५. हा आकडा एका बाइटमध्ये मावत नाही. १९९२ साली केन थॉम्प्सन आणि रॉब पाइक यांनी ‘यूटीएफ-८’ ही युक्ती काढली. तीत आस्कीची अक्षरे जशीच्या तशी एका बाइटमध्ये राहतात, तर देवनागरी अक्षर तीन बाइट घेते. ‘क’ होतो २२४, १६४, १४९.

हेच तीन बाइट पाश्चात्त्य तक्त्याने वाचले, तर डोक्यावर तिरकी रेघ असलेला ‘ए’, चलनाचे गोल चिन्ह आणि एक ठिपका दिसतो. देवनागरीच्या पूर्वार्धातील सर्व अक्षरांचे पहिले दोन बाइट हेच असल्याने ही जोडी पानभर पुन्हापुन्हा दिसते. ती दिसली तर घाबरू नये. आकडे शाबूत आहेत, फक्त तक्ता चुकला आहे. मात्र ज्या तक्त्यात मराठीला जागाच नाही त्यात मजकूर साठवला, तर प्रत्येक अक्षराच्या जागी प्रश्नचिन्ह बसते. मूळ आकडाच पुसला जातो आणि त्या फाइलवर मग इलाज उरत नाही.

युनिकोडने सगळे मिटले असेही नाही. ‘आचार्यांना’ म्हणजे गुरुजनांना आणि ‘आचाऱ्यांना’ म्हणजे स्वयंपाक्यांना. आपल्याला हा भेद राखावाच लागतो. त्यातला ‘ऱ्य’ दोन प्रकारे लिहिता येतो. एकात खाली नुक्ता असलेला ‘र’ वापरतात, तर दुसऱ्यात साध्या ‘र’नंतर एक अदृश्य जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, पण शोध घेताना संगणक बहुधा त्यांना निराळे शब्द समजतो.

आमच्या टिपणांचे पुढे काय झाले? सुदैवाने त्यातल्या एका पानाची छापील प्रत कपाटात सापडली. तिच्याशी चिन्हागणिक ताडून आम्ही तक्ता तयार केला आणि बहुतेक मजकूर परत मिळवला. ते पान नसते तर?

वर्गात हा खेळ करून पाहा. मुलांचे दोन गट करा. प्रत्येक गटाने वर्णमालेला आपल्या मनाने क्रमांक द्यावेत आणि दुसऱ्या गटाला आकड्यांत चिठ्ठी लिहावी, पण तक्ता देऊ नये. आकडे हाती असूनही मजकूर कसा हरवतो, ते मुलांना पाच मिनिटांत कळेल. मग तक्ते बदलून घ्यायला सांगा. आणि शाळेच्या संगणकात जुन्या फाँटमधल्या प्रश्नपत्रिका, अहवाल, हस्तलिखिते पडून असतील, तर त्यांचे एखादे पान आजच कागदावर छापून ठेवा.