'ते-के' : राजाने नेमले की पुरले?

ग्रीसमधल्या पायलॉसच्या राजवाड्यात १९५२ मध्ये पुरातत्त्वज्ञ कार्ल ब्लेगन यांच्या उत्खननात मातीच्या १३ पाट्यांचा एक संच मिळाला. सुरया, कढया, मेजे, खुर्च्या, पाय टेकायचे पाट अशी ती सामानाची यादी आहे. इ.स.पू. १२०० च्या सुमारास राजवाडा जळाला, कच्ची माती भाजली गेली, म्हणून अक्षरे उरली. 'टीए ७११' या पाटीचा आरंभ मात्र एका घटनेने होतो. अमक्याने ही पाहणी केली. केव्हा, तर राजाने औगेवासला, दामोकोरोला 'ते-के' तेव्हा.

या पाट्या मायसिनी, म्हणजे फार जुन्या ग्रीकमध्ये, लिनिअर-बी लिपीत लिहिल्या आहेत. या लिपीत त आणि थ यांना एकच चिन्ह आहे, म्हणून 'ते-के' हे 'थेके'ही असू शकते. संदर्भावरून हे क्रियापद पुढच्या ग्रीकमधले 'तिथेमि', म्हणजे ठेवणे; भूतकाळी 'एथेके'. संस्कृतातला 'धा' याच कुळातला; 'दधामि'तले द्वित्व 'तिथेमि'तही दिसते. 'अधात्'मधला अ-आगम, म्हणजे भूतकाळ दाखवायला धातूआधी लागणारा अ, ग्रीकमध्ये ए होतो. पाटीवर तो नाही, पण मायसिनी लेखनिक भूतकाळी रूपे बहुधा आगमाविनाच लिहितात. वेदातही नुसते 'धात्' सापडते. इथवर जमीन पक्की आहे.

अर्थाशी येताच ती सरकते. ही लिपी उलगडणारे व्हेंट्रिस आणि त्यांचे सहकारी चॅडविक यांनी १९५६ मध्ये 'नेमले' असे वाचले. भाषाशास्त्रज्ञ लेनर्ड पामर यांनी 'पुरले' असे वाचले; मग सामान थडग्यासाठीचे ठरते. होमरमध्ये दोन्हींना आधार आहे. इलियडच्या सहाव्या सर्गात ट्रॉयवासी थिआनोला अथेनाची पुजारीण करतात, ते याच धातूने. चोविसाव्यात हेक्टरच्या अस्थींची पेटी ठेवली जाते, तीही याच धातूने. पण तिथे खड्ड्याचा स्पष्ट उल्लेख आहे. आपल्या पाटीवर खड्डा नाही. माणूस आहे, आणि बहुधा पद.

'बहुधा' का? पायलॉसच्या दुसऱ्या एका पाटीवर दामोकोरो प्रांतांच्या अधिकाऱ्यांमध्ये येतो. तेव्हा ते पद हे जवळजवळ निश्चित. तरीही 'दामोकोरो औगेवासला पुरले' असे वाचायला व्याकरणाची आडकाठी नाही. औगेवास हे नाव अन्य पाट्यांवरही आहे, पण नाव एक म्हणून माणूस एक असे धरता येत नाही.

माझा कौल नेमणुकीला आहे. यादीत एका क्रेटी तिपायी कढईचे पाय जळाल्याची नोंद आहे. अशी नुकसानीची नोंद मोजदाद करणारा करतो, थडग्यात सामान ठेवणारा नव्हे. नेमणुकीच्या वेळी मोजदाद का, हे मात्र एकाही पाटीवर नाही. पायलॉसच्या पाट्यांवर महिन्यांची नावे येतात, वर्ष कधीच नाही. म्हणून त्या राजवाडा जळाला त्याच वर्षाच्या असाव्यात. तसे असेल, तर औगेवासचे जे काही झाले, ते आगीच्या आधीच्या काही महिन्यांतच झाले.