गुणलेखकाच्या वहीत न मावलेले

बंगळूर शहराच्या दक्षिण अंगाला बसवनगुडी नावाची जुनी वस्ती आहे. कन्नड भाषेत बसव म्हणजे नंदी आणि गुडी म्हणजे देऊळ. येथील टेकडीवर एकाच शिळेतून कोरलेला, सुमारे १५ फूट उंचीचा नंदी बसलेला आहे. हे देऊळ शहराचा संस्थापक केंपेगौडा याने सोळाव्या शतकात बांधविले, असे सांगतात. सभोवतालची आखीव रस्त्यांची वस्ती मात्र १८९८ च्या प्लेगनंतर उभी राहिली. दर वर्षी कार्तिकातल्या शेवटच्या सोमवारी येथे भुईमुगाच्या शेंगांची मोठी जत्रा भरते. पूर्वी एक बैल रात्री येऊन शेतांतील शेंगा फस्त करी. त्याला शांत करण्यासाठी शेतकऱ्यांनी देऊळ उभारले आणि पहिल्या शेंगा त्याला वाहण्याचा नेम धरला, अशी ह्या जत्रेची आख्यायिका आहे. पोळा आणि बेंदूर पाळणाऱ्या मराठी माणसाला ह्या नेमाचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही.

ह्याच बसवनगुडीत १९१७ मध्ये स्थापन झालेले नॅशनल हायस्कूल आहे. तेथे आणि पुढे बसवनगुडीच्याच नॅशनल कॉलेजात शिकलेला एक विद्यार्थी दिल्लीच्या फिरोजशहा कोटला मैदानावर ७ फेब्रुवारी १९९९ रोजी कसोटी क्रिकेटच्या इतिहासात अजरामर झाला. त्याचे नाव अनिल कुंबळे. पाकिस्तानच्या दुसऱ्या डावातले दहाच्या दहा बळी कुंबळे यांनी ७४ धावांत घेतले. इंग्लंडचे जिम लेकर यांनी १९५६ मध्ये मँचेस्टरला केलेला असा पराक्रम त्यापूर्वी कसोटीत दुसऱ्या कोणी केला नव्हता.

विक्रमांच्या पुस्तकात ह्या दिवसाची एकच ओळ आहे: २६.३ षटके, ७४ धावा, १० बळी. ती ओळ खरी आहे. परंतु ती दिवसाची संपूर्ण हकीकत मात्र नव्हे. त्या दहा बळींची फोड करून पाहिली, तर तीन पायचीत, दोन त्रिफळाचीत आणि पाच झेल अशी ती निघते. म्हणजे अर्धे बळी दुसऱ्यांच्या हातांतून पार पडले. यष्टीमागे मोंगिया होते. फलंदाजाच्या पुढ्यात, चेंडूचा तडाखा कधी अंगावर येईल याचा नेम नाही अशा जागी लक्ष्मण उभे होते. शेवटचा बळी वासिम अक्रम यांचा. तो झेल लक्ष्मण यांचाच. पंचांपैकी एक होते ए. व्ही. जयप्रकाश. हे गृहस्थ १९७० च्या दशकात कर्नाटकाकडून खेळलेले. तीन पायचीतांचे अपील मान्य करणारे पंचांचे बोट विक्रमांच्या ओळीत येत नाही.

आणखी थोडे मागे जावे. पाकिस्तानपुढे ४२० धावांचे लक्ष्य होते, म्हणून कुंबळे यांना निर्धास्तपणे क्षेत्ररक्षक फलंदाजाभोवती उभे करता आले. ते लक्ष्य कोणी उभारले? सलामीचे सदागोपन रमेश यांनी त्या सामन्यात ६० आणि ९६ धावा केल्या. शतक चार धावांनी हुकले. दुसऱ्या डावात गांगुली आणि म्हैसूरचे जवागल श्रीनाथ यांनी आठव्या जोडीसाठी १०० धावा जोडल्या. श्रीनाथ यांच्या त्यात ४९ होत्या. एका धावेने अर्धशतक राहिले. ह्या भागीदारीवाचून पाकिस्तानपुढचे आव्हान किती तोकडे झाले असते, हे सांगावयास नको.

आणि मग ते प्रसिद्ध षटक आले. नऊ बळी पडले होते, सर्व कुंबळे यांचे. दुसऱ्या टोकाकडून गोलंदाजी करावयास श्रीनाथ आले. गोलंदाजाचा सारा जन्म बळी मिळविण्याच्या सरावात जातो. हात, खांदा आणि दृष्टी ह्यांना यष्टीचा वेध घेण्याचीच सवय असते. ती सवय त्या षटकापुरती बाजूला ठेवून श्रीनाथ ऑफ यष्टीच्या पुष्कळ बाहेर चेंडू टाकीत राहिले. बळी मिळू नये म्हणून टाकलेले ते चेंडू गुणलेखकाच्या वहीत कोणत्या रकान्यात लिहावयाचे? वहीत तसा रकानाच नाही.

हा प्रकार एका सामन्यापुरता असता, तर तो चमत्कार म्हणून सोडून देता आला असता. परंतु ज्या संघात कुंबळे आणि श्रीनाथ वाढले, त्या कर्नाटकाचा पूर्वेतिहास पाहिला की ही तेथील जुनी रीत आहे असे दिसते. त्यासाठी आणखी पंचवीस वर्षे मागे, १९७३-७४ च्या मोसमात जावे लागते. मुंबईने १९५८-५९ पासून सलग पंधरा वर्षे रणजी करंडक आपल्याकडे ठेवला होता. मुंबईचा पराभव ही कल्पनाच लोकांच्या अंगवळणी पडलेली नव्हती. म्हैसूर राज्य १ नोव्हेंबर १९७३ रोजी कर्नाटक झाले, आणि ह्या नव्या नावाने उतरलेला संघ उपान्त्य सामन्यात बंगळुरात मुंबईसमोर उभा राहिला.

हा सामना विश्वनाथ यांच्या १६२ धावांसाठी आणि ब्रिजेश पटेल यांच्या शतकासाठी सांगितला जातो, आणि तो मान त्यांचा आहेच. कर्नाटकाने ३८५ धावा केल्या. उत्तर देताना मुंबईचे पाच गडी प्रसन्ना यांनी व चार चंद्रशेखर यांनी टिपले. दहांतून नऊ गेले, उरला एक. तो एक म्हणजे मुंबईचा कर्णधार अजित वाडेकर. ते खेळपट्टीवर स्थिरावले होते आणि मुंबईच्या आशा त्यांच्यावर होत्या. धाव घेताना पाय घसरला, चेंडू वेळेवर यष्टीकडे आला आणि डाव फिरला. मुंबई ३०७ धावांत संपली. पहिल्या डावातील आघाडीवर कर्नाटक अंतिम सामन्यात गेले आणि जयपूरला राजस्थानचा पराभव करून त्याने पहिल्यांदाच करंडक जिंकला.

वाडेकर कसे बाद झाले, याची नोंद त्या काळच्या धावफलकावर एका शब्दात असे: धावचीत. झेल घेणाऱ्याचे नाव लिहावयाचे, गोलंदाजाचे नाव लिहावयाचे. पण धावत जाऊन चेंडू अडविणाऱ्याचे, अचूक फेक करणाऱ्याचे आणि यष्टीपाशी तिची वाट पाहत उभे राहणाऱ्याचे नाव जुन्या धावफलकाने लिहिले नाही. पंधरा वर्षांची सत्ता ज्या क्षणी ढळली, त्या क्षणाला नोंदवहीत कर्ता नाही. केवळ कर्म आहे.

त्याच पिढीतील यष्टिरक्षक सय्यद किरमाणी यांची कथा याहून वेगळी नाही. १९७१ आणि १९७४ अशा इंग्लंडच्या दोन दौऱ्यांत ते फारूख इंजिनियर यांचे राखीव म्हणून गेले आणि एकही कसोटी न खेळता परत आले. पहिली कसोटी त्यांना १९७६ च्या जानेवारीत ऑकलंडला मिळाली. वाट पाहणे हीदेखील संघातली एक कामगिरी आहे. तीत कडवटपणा शिरू न देणे ही त्याहून मोठी. त्या धीराचे मोल देशाला कळले ते १८ जून १९८३ रोजी, इंग्लंडमधील टनब्रिज वेल्स येथे. विश्वचषकातला तो सामना झिंबाब्वेशी होता. भारताचे पाच गडी १७ धावांत बाद झाले. तेथून कपिल देव यांनी नाबाद १७५ धावा केल्या. त्या खेळीचे चित्रण झाले नाही, त्यामुळे ती आज ऐकीव गोष्टीवर आणि धावफलकावर जिवंत आहे.

पण कपिल देव एकटे खेळत नव्हते. क्रिकेटमध्ये एकट्याला खेळताच येत नाही. १७ धावांवरून ७७ पर्यंत त्यांच्या जोडीस बंगळूरचे रॉजर बिन्नी होते. बिन्नी यांच्या धावा २२. मग ७८ वरून १४० पर्यंत मदनलाल टिकून राहिले. त्यांच्या धावा १७. त्यानंतर किरमाणी आले. दोघांनी नवव्या जोडीसाठी अभेद्य १२६ धावा केल्या. त्यांत किरमाणी यांच्या अवघ्या २४. ती भागीदारी एकदिवसीय सामन्यांत नवव्या जोडीचा विक्रम म्हणून २०१० पर्यंत टिकली. भारताने तो सामना ३१ धावांनी जिंकला आणि आठवडाभराने, २५ जूनला, विश्वचषक. त्या स्पर्धेत सर्वांत अधिक, म्हणजे १८ बळी कोणी मिळविले, असे विचारले तर पुष्कळांना थोडे थांबावे लागते. ते बिन्नी यांनी मिळविले.

तरी किरमाणी आणि बिन्नी यांना उशिरा का होईना, देशाची टोपी मिळाली. ज्यांना तीही लाभली नाही त्यांचे काय? कर्नाटकाचे डावखुरे फिरकी गोलंदाज बी. विजयकृष्ण १९७० आणि १९८० च्या दशकांत राज्यासाठी ८० प्रथम श्रेणी सामने खेळले. त्यांत त्यांनी १९४ बळी घेतले आणि दोन हजारांहून अधिक धावा जमविल्या. एका टोकाला प्रसन्ना, दुसऱ्याला चंद्रशेखर. त्यांच्या हातून चेंडू सुटला की विजयकृष्ण यांची पाळी. खालच्या क्रमांकावर येऊन घसरलेला डाव सावरणे हेही त्यांचेच काम. २०२१ मध्ये ते गेले, तोवर त्यांच्या नावापुढे एकही कसोटी लागली नव्हती.

मराठी श्रोत्याला येथे आपल्या घरचे नाव आठवल्याशिवाय राहणार नाही. मुंबईचे पद्माकर शिवलकर हेही डावखुरे फिरकी गोलंदाज. कर्नाटकाने मुंबईची मालिका खंडित केली, त्याच्या आदल्याच मोसमात चेपॉकच्या अंतिम सामन्यात शिवलकर यांनी तामिळनाडूचे आठ गडी १६ धावांत आणि पुन्हा पाच गडी १८ धावांत बाद केले. मुंबईच्या स्वतःच्या धावा १५१ आणि ११३ एवढ्याच होत्या, तरी तामिळनाडूचे डाव ८० आणि ६१ वर आटोपले. पंधरावा करंडक अशा रीतीने घरी आला. प्रथम श्रेणी क्रिकेटमध्ये ५८९ बळी मिळवूनही शिवलकर यांच्या वाट्याला कसोटी आली नाही. हरियाणाचे राजिंदर गोयल यांनी रणजी स्पर्धेत ६३७ बळी घेतले. तेही तसेच राहिले. कारण एकच होते आणि त्यात कोणाचा दोष नव्हता: भारतीय संघात ह्या पद्धतीच्या गोलंदाजाची जागा बिशनसिंग बेदी यांच्यासारख्या श्रेष्ठ खेळाडूने भरली होती. सुनील गावसकर यांनी आपल्या आदर्श खेळाडूंवर पुस्तक लिहिले, तेव्हा जगातील मातब्बरांच्या पंक्तीत ह्या दोघांनाही बसविले. भारतीय क्रिकेट नियामक मंडळाने सी. के. नायडू यांच्या नावाचा जीवनगौरव पुरस्कार दोघांना दिला तो २०१७ च्या मार्चमध्ये, बंगळुरातच. गोयल २०२० मध्ये आणि शिवलकर २०२५ मध्ये निवर्तले.

ह्या माणसांवर अन्याय झाला, असे म्हणून मोकळे होता येईल; पण ते अपुरे ठरेल. त्यांच्याबद्दल हळहळण्यापेक्षा त्यांनी केलेल्या कामाचा हिशेब अधिक महत्त्वाचा आहे. मुंबईची पंधरा वर्षे आणि कर्नाटकाचा उदय ही केवळ कसोटीवीरांची कमाई नाही. कसोटीवीर देशासाठी दौऱ्यावर गेले की राज्याचा संघ ह्यांच्या भरवशावर मैदानात उतरे. ते परत आले की हीच माणसे जागा करून देत. शिखर उभे राहते ते भिंतीवर, आणि भिंतीतला दगड आपल्यावर शिखर आहे म्हणून कुरकुरत नाही. मात्र इमारतीचा इतिहास लिहिणाऱ्याने केवळ शिखराचे वर्णन केले, तर पुढच्या पिढीला इमारत कशी बांधावी हे कळणार नाही. शाळेच्या मैदानावर येणारा प्रत्येक मुलगा शतकाचे स्वप्न पाहू लागेल, आणि समोरच्या टोकाला २४ धावांवर उभे राहण्यास कोणी तयार होणार नाही.

आकाशवाणीवरील धावते समालोचन ऐकत वाढलेल्या श्रोत्यांना ह्या बाबतीत एक भाग्य लाभले. चेंडू कोणी अडविला, फेक कोठून आली, दुसऱ्या टोकाला कोण उभा आहे, हे समालोचक बोलून दाखवी. वही ज्यांना विसरे, त्यांची नावे निदान हवेत उमटत. इतिहासाने घ्यावा असा हा धडा आहे.

बसवनगुडीचा तो दगडी नंदी आजही टेकडीवर बसून आहे. शेंगांचे पीक जत्रेत विकले जाते, त्याचे पैसे शेतकऱ्याच्या पदरात पडतात, पीक चांगले आले म्हणून नाव शेताचे होते. तरीही पहिली ओंजळ बैलापुढे ठेवावयाची, ही रीत त्या लोकांनी सोडलेली नाही. विजयाची वाटणी करताना एवढी रीत खेळाच्या इतिहासकारांनी पाळली, तरी पुष्कळ झाले.